मंजुळाबाईचा दम, नथूचा कागद

(सिल्वासाजवळची सामरवरणी. कामगारांच्या चाळीतली ओसरी, सकाळचे साडेदहा. सरकारी तपासणीसाठी घरोघर फिरणाऱ्या रजनी सिस्टर इथवर आल्या आहेत, आणि नथूने कारखान्याच्या दवाखान्याचे कागद हातात देऊन त्यांना उंबऱ्यातच गाठलं आहे.)

नथू: थांबा सिस्टर, पान पलटू नका. तो खालचा शब्द वाचा. लाल शाईचा. ज्याच्यापुढं गळाच्या आकड्यासारखं प्रश्नचिन्ह काढलं आहे, तो.

रजनी: वाचते. पण आधी खाली बसा. अंगावर येऊ नका माझ्या.

नथू: सव्वीस वर्षं धाग्याच्या मशीनीपुढं उभा राह्यलेला मानूस आहे मी. मला बसता येत नाही. वाचा.

रजनी: 'मॅलिंगरिंग'. पुढे प्रश्नचिन्ह.

नथू: हां, तेच! सुपरवायझरनं वाचलं अन् ओठ दाबून हसला. हा कोनता रोग म्हनायचा?

रजनी: हा रोग नाही, नथूभाऊ. माणसाला काही झालेलं नाही, काम टाळायला तो आजाराचं सोंग करतोय, असा त्याचा अर्थ.

नथू: कोन? मी?

रजनी: कारखान्याच्या डॉक्टरांना तशी शंका आली आहे. म्हणून प्रश्नचिन्ह.

नथू: ऐकलं का वं दुर्गाची आई? बाहेर ये, तुझ्या नवऱ्याची इज्जत चालली! मी सोंग करतो म्हने! सिस्टर, ज्या साली मधुबनच्या धरनाचे दरवाजे उघडले अन् दुधनीच्या तलावाचे मासे डांबरी रस्त्यावर येऊन पडले, त्या दिवशी आमच्या कारखान्यात दोनच जीव हजर होते. एक मी, दुसरा वॉचमन. अन् वॉचमन हजर होता कारन तो आदल्या दिवशी घरी गेलाच नव्हता. मी गळ्याइतक्या पान्यातून गेलो. खिशात एक मासा घेऊन हजेरी लावली. अन् मला म्हनतो कामचोर!

रजनी: मासा जिवंत होता का?

नथू: हजेरी लागेपर्यंत होता.

मंजुळाबाई: आले... आले हो. ओरडू नका. जरा... थांबा.

रजनी: मावशी, कुठून आलात?

मंजुळाबाई: आतून. मोरीतून.

रजनी: मोरीपासून ओसरीपर्यंत दहा पावलं नाहीत. एवढा दम?

मंजुळाबाई: ते... असतंच. तुम्ही यांचं पाहा, ताई. यांना फार लागलं आहे.

नथू: लागनारच! सिस्टर, त्याच्याखाली अजून एक ओळ आहे. ती तर सुपरवायझरनं मला वाचूनच नाही दाखवली. म्हने, घरी जाऊन वाचा, काका.

रजनी: 'सायकियाट्रिक ओपिनियन घ्यावं.' म्हणजे मनाच्या डॉक्टरांना दाखवा.

नथू: येडा! येडा ठरवला मला! वरून कामचोर! अरे, येडा असता तर सोंग जमलं असतं का? अन् सोंगाड्या असता तर येडा कसा? एक काहीतरी लिही ना, भल्या मानसा!

रजनी: ओरडू नका हो. मनाच्या डॉक्टरांकडे जाणारा माणूस वेडा नसतो, हे मी घरटी एकदा सांगते. आता गप्प राहा, मला वरचं वाचू द्या. तुम्ही तक्रार काय सांगितली होती? 'जिना चढताना दम लागणे.' बरं. 'छातीत धडधड. उठताना डोळ्यांपुढे अंधारी. कानात घूं घूं आवाज. पायांत गोळे. सदा थकवा.' आठ महिन्यांत तीन वेळा हेच. आणि हे काय, 'केस गळणे'?

नथू: हां, ते पन आहे.

रजनी: नथूभाऊ, तुमच्या डोक्यावर गळायला आहे काय?

नथू: डाक्टरनं पन हेच विचारलं. मी म्हनलं, जुनी तक्रार आहे.

रजनी: 'भाजलेली माती खावीशी वाटणे.' तुम्हाला?

नथू: किरान्याच्या दुकानात मिळते ना, पांढरे पांढरे तुकडे. बाळंतिनी खातात. मी म्हनलं, साहेब, मन लई होतं माती खायचं. तो चष्म्यावरून पाहून राह्यला. बावन्न वर्षांचा बाप्या, म्हने, अन् माती?

रजनी: त्यावरूनच तुम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. आता हा दुसरा कागद. ईसीजी नॉर्मल. नाडी अडुसष्ट. ब्लड प्रेशर एकशेवीस-ऐंशी, शाळेच्या पुस्तकात छापतात तसं. हिमोग्लोबिन पंधरा पॉइंट एक.

नथू: डाक्टर म्हने, घोडा आहेस घोडा. मला दोन मजले धावत वर-खाली करायला लावले. मी खाली आलो अन् तोच हाफला, माझ्याकडं पाहून.

रजनी: नथूभाऊ, एकवीस वर्षं मी ही नोकरी करते. कणकवलीहून आले तेव्हा वेणी होती मला. असले कागद मी पाहिलेले नाहीत. या वरच्या तक्रारी आणि हे खालचं रक्त एका अंगात राहूच शकत नाही. हे दोन माणसांचे कागद आहेत.

नथू: नाव पाहा ना. दोन्हीवर मीच.

मंजुळाबाई: सांगून टाका आता.

नथू: काय सांगून टाका?

मंजुळाबाई: ताई तुमच्या कारखान्याच्या नाहीत. सांगा.

नथू: हे पाहा सिस्टर. रक्त माझं आहे. तक्रार तिची आहे.

रजनी: काय?

नथू: आता तुम्ही अंगावर नका येऊ.

रजनी: बायकोचा दम तुम्ही स्वतःचा म्हणून सांगितलात?

नथू: त्यात एवढं काय? कारखान्याचा दवाखाना फक्त कामगारांचा. घरच्यांना आत घेत नाहीत. मंग घरच्यांचं दुखनं कामगारानं न्यायचं. आमच्या खात्यात सगळे नेतात! लखनच्या आईचा गुडघा दोन वर्षांपासून लखनच्याच पायात आहे. गेटापासून दवाखान्यापर्यंत लंगडत जातो, गोळ्या खिशात पडल्या की तालावर चालत येतो. निलेश आहे ना, चोवीस वर्षांचा, दंड पाहा त्याचे. त्याचा खोकला सत्तरीचा आहे. त्याच्या आजोबांचा. अन् गजानन तर नव्या बायकोच्या उलट्या घेऊन गेला होता. सकाळी उठलं की मळमळतं म्हने, साहेब, अन् कैरी खाऊशी वाटते. डाक्टरनं त्याला आठ दिवस कँटीनचं जेवन बंद केलं. आता त्याचं पोरगं बालवाडीत जातं.

रजनी: हसवू नका मला. मला आत्ता हसायचं नाहीये.

नथू: आमच्या खात्यात चाळीस मानसं, सिस्टर. एकाचं नख दुखत नाही. अन् दवाखाना रोज फुल! डाक्टर म्हनतो, ह्या धाग्याच्या धुरात काहीतरी आहे. मुंबईहून साहेब आनून हवा तपासली दोन वेळा. हवा एकदम चोख निघाली.

रजनी: देवा रे देवा. आणि मावशी, तुम्ही हे चालू दिलंत?

मंजुळाबाई: चालू काय दिलं, मीच शिकवलं त्यांना. ह्या इथंच, आरशापुढं. मी म्हनलं, तुम्ही सगळं वाढवून सांगता, तिथं वाढवू नका. मला होतं तेवढंच सांगा. हात छातीवर ठेवता तो तसा नाही, असा. मी आधी भिंत धरते, मग हात ठेवते. यांना भिंत धरायचं लक्षातच राहात नव्हतं.

नथू: दवाखान्यात धरली ना मी! बराबर धरली. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

रजनी: शिरा पडो त्या कॅलेंडरवर! नथूभाऊ, मला एक सांगा. तुमच्या खात्यात अकरा नंबरच्या मशीनीवर धागा तुटतोय. तुम्ही काय करता?

नथू: मशीन थांबवतो. उघडतो. पाहतो कुठं अडकतं ते.

रजनी: कुठली मशीन उघडता?

नथू: अकरा नंबर. दुसरी कोनती?

रजनी: बारा नंबर उघडलीत तर?

नथू: बारा नंबर कशाला उघडीन? सुपरवायझर जीव खाईल माझा.

रजनी: मग आठ महिने तुम्ही केलंत काय? अकरा नंबरचा धागा तुटतोय, आणि तुम्ही तीन-तीन वेळा बारा नंबर उघडून दाखवलीत! डॉक्टर बिचारा बघतो, पुसतो, तेल-पाणी नीट, आवाज नीट. तो दुसरं काय लिहिणार? ते लाल शाईतलं अगदी खरं आहे. सोंगच होतं ते! प्रश्नचिन्हच तेवढं जास्त झालं.

नथू: पन सिस्टर, मला तपासून नव्हतं घ्यायचं! मला फक्त गोळ्या पाहिजे होत्या. मी म्हनलं, सांगीन, गोळ्या घेईन, घरी आनून हिला देईन. त्यानंच सुई काढली. मी काय म्हननार होतो, थांबा, हे रक्त नका घेऊ, ते घरी आहे?

रजनी: हो! तेच म्हणायचं होतं! आणि गोळ्या कसल्या दिल्या?

मंजुळाबाई: पहिल्या वेळी गॅसच्या. दुसऱ्या वेळी झोपेच्या. त्या खाल्ल्या अन् मी दुपारी दळन टाकायला गेले ती गिरनीतच झोपले.

रजनी: आणि तिसऱ्या वेळी?

मंजुळाबाई: तिसऱ्या वेळी गोळ्या नाही. आराम दिला.

रजनी: आराम? कोणाला?

मंजुळाबाई: कागदावर ज्याचं नाव, त्याला.

नथू: ते राहू दे ना आता, दुर्गाची आई.

मंजुळाबाई: का राहू दे? तुमच्या इज्जतीचं सगळ्या चाळीनं ऐकलं, आता माझं पन ऐकू द्या. ताई, डाक्टरनं लिहिलं, चार दिवस पूर्ण आराम, हलका आहार, डाळिंब, खजूर. हे चार दिवस त्या खाटेवर पडून. मी डाळिंब सोलत होते. दानं दानं काढून वाटीत देत होते. पान्याचा टँकर आला तर म्हने, मी कसा जाऊ, कोनी पाह्यलं तर? म्हनून हंडे मीच भरले. सात हंडे. चौथ्या हंड्याला मी पायरीवर बसले, तर आतून आवाज आला, खजूर संपले का वं?

रजनी: नथूभाऊ.

नथू: आता तसं पाहिलं तर...

रजनी: नथूभाऊ, तुम्ही आत्ता बोललात तर मी ही वही तुमच्या डोक्यात घालीन. केस नाहीत, नीट बसेल.

मंजुळाबाई: मानूस वाईट नाही, ताई. डाळिंबाची अर्धी वाटी मला ठेवायचे. पन म्हनायचे, तुला काही झालेलं नाही आता, कागद नॉर्मल आहे.

रजनी: हे तुम्ही म्हणालात? बायकोला?

नथू: डाक्टर म्हनला ना तसं! ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. एवढी मोठी मशीन. मी घरी येऊन सांगितलं, आपलं सगळं नॉर्मल निघालं.

रजनी: आपलं!

मंजुळाबाई: अन् मी मानलं, ताई. ते जास्त लागतं मला. हसू नका. मला पन माहिती होतं सुई कोनाच्या हातात गेली. पन तीन वेळा नॉर्मल आल्यावर... मानूस घरात एकटा असतो, विचार करतो. मी म्हनलं, यांनी माझंच सांगितलं, शब्द न् शब्द सांगितला, अन् शिकलेला डाक्टर म्हनतो, हे खोटं आहे. म्हनजे मीच आळशी झाली असेन. हंडा उचलताना अंधारी आली की मीच मला म्हनायची, झालं तुझं नाटक सुरू. ते लाल शाईतलं... ते यांना नाही लिहिलं, ताई. ते मला लिहिलं आहे.

नथू: असं कोन म्हनलं तुला?

मंजुळाबाई: कोनी म्हनायला नाही लागलं.

रजनी: मावशी, इकडे उजेडात या. खालची पापणी ओढते, वर बघा. अगो बाई. नखं दाखवा. नखं अशी चमच्यासारखी कधीपासून?

मंजुळाबाई: दिवाळीपासून असतील.

रजनी: नथूभाऊ, तुमची पापणी दाखवा. ओढा खाली. बघा मावशी, ही लाल कशी दिसते ती. आणि तुमची आरशात बघा. चुन्यासारखी आहे. आता मला एक खरं सांगा. माती खाणं, केस, दम, सगळं तुम्ही यांना सांगायला शिकवलंत. यांना न सांगितलेलं काही आहे?

मंजुळाबाई: नाही.

रजनी: मावशी.

मंजुळाबाई: हे जरा चहाचं दूध घेऊन येतील कोपऱ्यावरून.

रजनी: नाही. बसू द्या त्यांना इथेच. आठ महिने तुमचा आजार अंगावर मिरवलाय, आता हेही ऐकू दे त्यांना. पाळी कशी आहे?

नथू: मी जातो ना दूध आनायला.

रजनी: बसा म्हटलं ना!

मंजुळाबाई: येते.

रजनी: किती दिवस?

मंजुळाबाई: आधी चार दिवस. आता... बारा-तेरा. मधे आठ दिवस बरे जातात, की परत. गाठी पडतात. रात्री दोन वेळा उठून लुगडं बदलावं लागतं. माझी आई म्हनायची, जाता जाता अशीच जाते पाळी, वयाचं असतं. मी सत्तेचाळीसची आहे.

रजनी: किती महिने?

मंजुळाबाई: मागच्या होळीपासून.

नथू: एक वर्ष झालं की! मला बोलली नाही तू?

मंजुळाबाई: बोलून काय करनार होते? ते सांगितलं असतं तुम्ही डाक्टरला? साहेब, मला पाळी जास्त जाते?

रजनी: बघा. बघा आता! सगळी लक्षणं वाहून नेलीत, नथूभाऊ. केससुद्धा नेलेत. आणि ज्या एका शब्दावर डॉक्टर खुर्चीतून उठला असता, तो शब्द पुरुषाच्या तोंडात मावत नाही म्हणून घरी राहिला. बोट द्या मावशी, मधलं. टोचेल जरा.

मंजुळाबाई: टोचा. माझंच टोचा एकदाचं.

रजनी: नथूभाऊ, हे यंत्र रक्ताचा एक थेंब घेतं आणि हिमोग्लोबिन सांगतं. काय असतं ते, ऐका. तुमच्या कारखान्यातून माल न्यायला रोज पंधरा टेम्पो लागतात असं समजा. श्वासातली हवा अंगभर पोचवायला रक्तात तसे टेम्पो असतात. तुमच्याकडे पंधरा आहेत, कागदावर बघितलंत. बाईमाणसाकडे बारा असले तरी चालतं. मावशींकडे किती आहेत बघू. हे बघा, तुम्हीच वाचा आकडा. इंग्रजी आकडे येतात ना?

नथू: मशीनीवर तेच असतात. पाच... पाच पॉइंट दोन. हे काय, सिस्टर? तुमची मशीन बराबर आहे ना?

रजनी: सकाळपासून अकरा जणांना बरोबर सांगतेय. माल तेवढाच आहे आणि टेम्पो पाच. मग टेम्पोवाल्यांनी काय करायचं?

नथू: धावायचं. फेऱ्या मारायच्या.

रजनी: तीच धडधड. तोच दम. मोरीपासून ओसरीपर्यंत त्या पाच टेम्पोंची धावपळ चालली होती, आणि तुम्ही आतून खजूर मागत होतात.

नथू: सिस्टर, मला एवढंच सांगा, काय झालं आहे तिला?

रजनी: रक्त फार कमी झालंय. पण तेही लक्षणच, मूळ नव्हे. मूळ वेगळं असतं. कोणाला जंत असतात, कोणाच्या पोटात लोह पोचत नाही, आपल्या या भागात रक्ताचा एक पिढीजात आजारही आढळतो, तोही तपासतील. मावशींचं मात्र मला त्या तेरा दिवसांत दिसतंय. या वयात गर्भाशयात गाठी होतात. बहुतेक वेळा साध्या असतात, नावाला घाबरू नका. पण सोनोग्राफी झाल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. मी नर्स आहे. दुसऱ्याचं काम मी करत नाही, तुमच्यासारखं.

मंजुळाबाई: गोळ्या द्या ना मंग, लोहाच्या. मी खाईन. उद्याच्या एसटीनं मला नंदुरबारला जायचं आहे. दुर्गाचे दिवस भरले आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहते, नळ खाली आहे.

रजनी: काय म्हणालात? पाच हिमोग्लोबिनवर दहा तास एसटी, आणि वर तीन मजले पाणी?

मंजुळाबाई: पहिलटकरीन आहे ती. आई नको?

रजनी: आई हवी. म्हणूनच ओरडतेय! तिसऱ्या हंड्याला जिन्यात पडलात तर तुमची पोर बाळंतपण टाकून कोणाची धावपळ करील? नथूभाऊ, आता बोला. आता बोलायची वेळ आहे तर तोंडात धागा अडकला का?

नथू: ती नाही जानार.

मंजुळाबाई: तुम्ही कोन सांगनारे?

नथू: मी जातो दुर्गाकडं. हंडे भरतो. दोन मजले धावत चढून दाखवले आहेत मी, डाक्टरचा दाखला आहे माझ्याकडं. घोडा लिहिलं आहे त्यात.

रजनी: जाल. पण आज नाही. आज तुम्ही इथे लागणार आहात. मी एकशेआठला फोन करते, गाडी सिल्वासाच्या सरकारी हॉस्पिटलात नेईल.

मंजुळाबाई: तिथं मोठी लाइन. गुजरातीत विचारतात. मला उत्तर सुचत नाही.

रजनी: मी येते बरोबर. मराठीत विचारायला लावते. पाचच्या पेशंटला लाइनीत उभं करून दाखवू दे कोणी, मग बघते मी. मावशींना आधी रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागतील, दोन तरी. इथल्या रक्तपेढीत घरच्यांनी एक द्यायची, मग एक मिळते. देणाऱ्याचा गट जुळला पाहिजे असंही नाही, मावशींच्या गटाची ते पेढीतून देतात.

नथू: घरच्यांनी म्हनजे मी.

रजनी: पंधरा पॉइंट एक. मला तर दुसरा कोणी दिसत नाही.

नथू: घ्या. दोन्ही बाटल्या घ्या. सिस्टर, माझं रक्त कसं आहे माहिती आहे का? एकदा कारखान्यात हात कापला होता तर त्याचा एक थेंब खाली पडला अन् सिमेंटमधून तिसऱ्या दिवशी...

मंजुळाबाई: अहो.

नथू: ...नाही. काही नाही उगवलं. घ्या म्हनतो मी, एवढंच.

रजनी: एकच घेतात एका वेळी. फोन लागला, गाडी जवळच आहे. तोवर चिठ्ठी लिहिते. पेशंटचं नाव?

नथू: लिहा, नथू...

रजनी: नथूभाऊ!

नथू: सवय झाली हो.

मंजुळाबाई: मंजुळाबाई लिहा. वय सत्तेचाळीस. खाली लिहा, एक वर्षापासून पाळी जास्त जाते, तेरा तेरा दिवस. मला दम लागतो. मला अंधारी येते. माती मी खाते. अन् ते केस पन माझेच लिहा.

रजनी: लिहिलं. अजून काही?

मंजुळाबाई: सोंग नाही, असं लिहिता येतं का?

रजनी: आकडा लिहिलाय, मावशी. पाच पॉइंट दोन. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लागत नाही.

नथू: आली वाटतं गाडी. धर माझा खांदा. भिंत नको धरू, मी आहे ना. दुर्गाची आई, तिथं गेल्यावर मी डाक्टरला काय सांगू?

मंजुळाबाई: तुम्ही काही सांगू नका. तुम्ही नुसता हात पुढं करा.